सुजाता, तुझे बोंबील अजून फ्रीजरमध्ये आहेत

सुजाता,

शोकसभेत माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी तुझ्या शोधनिबंधांबद्दल बोलले. माशांच्या प्रथिनांवरचं तुझं काम, तुझे विद्यार्थी, तुझी चिकाटी. प्राचार्य मान डोलवत होते. बोलता बोलता मी तुला 'मृदुभाषी' म्हणून गेले. मागच्या रांगेत बसलेल्या तुझ्या भावाला, मिलिंदला, त्या शब्दाचं हसू आलं. हसता हसता त्यानं तोंडावर रुमाल धरला तो सभा संपेपर्यंत काढला नाही. मी खाली बसले. ज्या बाईबद्दल मी इतका वेळ बोलले होते ती मला आयुष्यात कधी भेटलीच नव्हती.

म्हणून हे लिहितेय. इथे कुणाला मान डोलवावी लागणार नाही.

आज सकाळी आपल्या लॅबमध्ये गेले तर डीप फ्रीजर साफ करायला माणूस आला होता. त्यानं तुझ्या डब्या बाहेर काढून टेबलावर मांडल्या होत्या. झाकणांवर तुझं ते तिरकं, मला आडनावानं दटावणारं अक्षर : 'बोंबील. पपेन. परब, हात लावू नकोस.'

"मॅडम, हे जुनं टाकायचं ना?" त्यानं विचारलं.

"नाही, राहू दे."

डब्या परत आत ठेवताना माझी बोटं गारठली आणि मला तुझा हात आठवला, शेवटच्या दिवसांतला. मी तिथंच खाली बसले. तो बिचारा फ्रीजरचं दार उघडं टाकून माझ्यासाठी पाणी आणायला धावला.

तू मला पहिल्यांदा दिसलीस ती हातातल्या वर्तमानपत्राच्या पुडक्यासकट. आपण दोघी नुकत्याच पीएच.डी.ला लागलो होतो आणि तेव्हा सगळ्यांना अन्नातल्या अँटिऑक्सिडंटचं वेड लागलेलं होतं. कुणी डाळिंबाची साल घेतली होती, कुणी ग्रीन टी, कुणी द्राक्षाच्या बिया. मी आमसूल घेतलं होतं. लालबागच्या आमच्या घरी दर उन्हाळ्यात गावाहून त्याची बरणी यायची, आणि त्या लाल रंगात जी फिनॉलिक संयुगं असतात त्यांच्यावर मी काम करणार होते. तू आपल्या गाइड सरांच्या टेबलावर पुडकं ठेवलंस आणि उघडलंस. सुके बोंबील. सरांनी खुर्ची मागे सरकवली.

"हे काय आहे?"

"प्रथिनं, सर."

सर हसले नाहीत. तूही हसली नाहीस. तू त्यांना समजावून सांगितलंस, जसं नंतर दरवर्षी नव्या पोरांना सांगायचीस. प्रथिन म्हणजे एक लांबलचक माळ. एन्झाइम म्हणजे ती माळ ठरावीक जागी कापणारी कात्री. कच्च्या पपईच्या चिकातलं पपेन ही त्यातलीच एक. कापल्यावर जे छोटे तुकडे पडतात ते पेप्टाइड, आणि त्यातल्या काही तुकड्यांत अँटिऑक्सिडंटचा गुण असतो. "ग्रीन टी आमच्या परळच्या चाळीत कुणी पीत नाही, सर," तू म्हणालीस, "सुकं सगळे खातात. त्यात काही आहे का ते बघायचंय मला."

संध्याकाळी मी घरी सांगितलं तर माझी आई तांदूळ निवडायची थांबली. "सुक्या बोंबलार पीएच.डी.?" ती म्हणाली. "माका आधी ठावक असता तर मीच केली असती गो!" तुला हे सांगितलं तेव्हा तू पुढचा महिनाभर तिला 'डॉक्टर परब' म्हणायचीस.

मग वासाची भानगड झाली. तू बोंबील उकळायला ठेवलेस की वास दोन मजले चढायचा. शेजारच्या लॅबमधून तक्रार गेली. सरांनी सगळ्यांना बसवलं. एक जण म्हणाला, इथे वेगवेगळ्या घरांतली माणसं येतात, सगळ्यांचा विचार करायला हवा. दुसरी म्हणाली, आम्हाला सवय नाही ना या गोष्टींची. तू ऐकत होतीस. शेवटी तू अगदी शांतपणे विचारलंस, "वास कुणाचा येतोय? बोंबलाचा की माझा?"

त्यानंतर तू बाहेर जाऊन नळाखाली हात धुवायला लागलीस. साबण लावून, कोपरापर्यंत, परत परत. मी मागे येऊन उभी राहिले. शेवटी म्हटलं, "उद्या डबा आणू नकोस. मी आणते दोघींचा." दुसऱ्या दिवशी आईनं केलेली सुक्या जवळ्याची चटणी मी त्याच टेबलावर, त्याच मंडळींच्या मधोमध उघडली. तू डब्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "मीठ कमी आहे, परब." आपली मैत्री त्या वाक्यापासून सुरू झाली असं मी धरते. तुझं म्हणणं होतं की ती त्याच्या आधीच झाली, नळापाशी. हाही एक वाद राहूनच गेला.

सरांनी वादावर तोडगा म्हणून आपल्याला मागची खोली दिली. पूर्वी तिथं मोडक्या खुर्च्या ठेवायचे. एक खिडकी, तिच्यातून बंद पडलेल्या मिलची चिमणी दिसायची. पुढे चिमणी पाडली, तिथे काचेचा टॉवर आला, आणि आपल्याला दुपारचं ऊन त्याच्यावर आपटून यायला लागलं. पीएच.डी. झाली, नोकऱ्याही तिथंच लागल्या, पण खोली आपण सोडली नाही. तुझं टेबल खिडकीशी, माझं दाराशी.

आपलं रोजचं काम म्हणजे रंग उडवणं. एक गडद जांभळं द्रावण असतं. त्यात आपला अर्क टाकायचा. अर्कात अँटिऑक्सिडंट असेल तर जांभळा रंग फिका होत होत पिवळा पडतो. किती पटकन उडतो, किती उडतो, ते यंत्रावर मोजायचं. पहिल्यांदा तुझ्या बोंबलाच्या पेप्टाइडनं रंग उडवला तेव्हा तू मला हाक मारली नाहीस. ती नळी हातात धरून तू माझ्या टेबलापाशी आलीस आणि नुसती उभी राहिलीस. पिवळं पाणी. तुझे डोळे भरले होते. "ए, रडतेस काय?" मी म्हटलं. "ॲसिडची वाफ आहे," तू म्हणालीस. त्या दिवशी खोलीत कुणी ॲसिड उघडलेलं नव्हतं.

त्यानंतर आपण हिंदमाताला गेलो होतो, तुझ्या परिषदेसाठी साडी घ्यायला. दुकानदारानं अर्धं दुकान उलगडून दाखवलं आणि तू जांभळीच उचललीस. म्हणालीस, द्रावण सांडलं तरी कळायचं नाही. तो माणूस तुझ्याकडे बघतच राहिला.

आणि तुला तो दिवस आठवतो का गं, जेव्हा आपण दोघींचे अर्क एकत्र केले? मला खात्री होती की तुझे पेप्टाइड आणि माझ्या आमसुलाचे फिनॉल मिळून कमाल करणार. घरोघरी बोंबलाच्या कालवणात आमसूल पडतंच की. आपण ओतलं, आणि नळीतलं पाणी गढूळ होऊन तळाशी गाळ बसला. फिनॉल जाऊन तुझ्या प्रथिनांना चिकटले आणि दोघंही निकामी झाले. वाचलेलं होतं आपण हे असं होतं म्हणून, तरी आपल्या बाबतीत होणार नाही असं वाटलं होतं. तू म्हणालीस, "परब, आपण दोघींनी पण जरा अंतर ठेवून बसायला पाहिजे." आणि हसत सुटलीस. तुझं ते हसणं, मध्येच श्वास अडकून ठसका लागणारं. मला आता त्याचा आवाज नीट आठवत नाहीये, सुजाता. तू जाऊन किती थोडे दिवस झाले आणि आवाज निसटायला लागलाय. फोनवर तुझे व्हॉइस मेसेज आहेत, पण त्यात तू हसलेली नाहीस. सगळे कामाचेच आहेत, "परब, फ्रीजरचं दार नीट लाव."

आपला खरा वाद पोटाचा होता. मी म्हणायचे, पेप्टाइड पोटात टिकतात, थोडे तरी टिकत असणार. तू म्हणायचीस, पोटात स्वतःच्या कात्र्या आहेत, त्या तुझ्या-माझ्या लाडक्या तुकड्यांना ओळखत नाहीत, सगळं कापून टाकतात. स्वतःच्याच कामाच्या विरोधात इतक्या त्वेषानं भांडणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. "नळीत खरं ते पोटात खरं असं नसतं," हे वाक्य तू पोरांकडून पाठ करून घ्यायचीस. फ्रीजरमधल्या त्या डब्या त्याच प्रयोगासाठी ठेवलेल्या आहेत. पोटातलं पचन नळीत घडवून बघायचं होतं आपल्याला. तू आजारी पडलीस आणि ते राहिलं.

पण त्याआधी कंपनीचं झालं. ते लिहायलाच हवं, कारण शोकसभेत त्याचं नावही कुणी काढलं नाही.

आरोग्याच्या पावडरी विकणाऱ्या एका कंपनीची माणसं सरांकडे आली होती. त्यांना आपली पेप्टाइड हवी होती आणि डब्यावर छापायला आपल्या संशोधनाचा आधार हवा होता. बैठकीत त्यांनी डब्याचं चित्र दाखवलं. निळा समुद्र, लाटेवर झळाळणारा मासा आणि खाली ओळ : कर्करोगापासून संरक्षण, संशोधनाने सिद्ध.

तू चष्मा पुसलास. "काय सिद्ध?"

"मॅडम, तुमच्याच पेपरमध्ये आहे," तो तरुण अधिकारी म्हणाला, "अँटिऑक्सिडंट ॲक्टिव्हिटी."

"माझ्या पेपरमध्ये जांभळं पाणी पिवळं झालंय. कर्करोग कुठे आलाय त्यात?"

सर मध्ये पडले. म्हणाले, शब्द जरा सौम्य करता येतील. तू म्हणालीस, शब्द सौम्य करून खोटं खरं होत नाही. मग सरांचा तोल गेला. लॅब चालवायची म्हणजे काय असतं ते तुला माहीत नाही, म्हणाले. तू उठलीस. मीही उठले. दारापाशी तू वळून म्हणालीस, "सर, आजारी माणूस डब्यावरचं वाचतो. तो आपला पेपर वाचत नाही." मृदुभाषी! मिलिंद हसणार नाही तर काय करणार.

तो प्रकल्प गेला. तुझी बढती रखडली. बरीच वर्षं परिषदांना तुला कुणी बोलावलं नाही. तू त्याबद्दल एकदाच बोललीस, तेही चहा पिता पिता. म्हणालीस, "वाईट वाटतं गं. पण झोप लागते." मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं की मला तुझा किती अभिमान वाटतो. मी म्हटलं, "चहा गार होतोय."

आणि मग आजार. स्वादुपिंडाचा कर्करोग. निदान झालं तेव्हाच उशीर झालेला होता. रिपोर्ट घेऊन आपण परळच्या हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसलो. आजूबाजूला गावोगावची माणसं, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, फायली. तू म्हणालीस, "बघ, स्वादुपिंड. शरीरातला सगळ्यात मोठा एन्झाइमचा कारखाना." मला वाटलं तू विनोद करतेयस. तुझ्याकडे बघितलं तर ओठ थरथरत होते. मी तुझा हात धरला आणि आपण कितीतरी वेळ तशाच बसलो. एक बाई येऊन विचारून गेली, केसपेपर कुठे काढायचा. तू तिला खिडकी दाखवलीस, नीट हात करून.

किमो सुरू झाली तशी तुला वास सहन होईना. जिनं लॅबभर बोंबील उकळले तिला फोडणीच्या वासानं मळमळायला लागलं. एकदा हॉस्पिटलमधून माझ्या घरी येताना टॅक्सी लालबागच्या मसाल्याच्या दुकानांवरून निघाली. मिरच्या कांडणं चालू होतं. तू ओढणी नाकाला लावलीस आणि टॅक्सीवाल्याला म्हणालीस, "भैया, दुसरीकडून घ्या ना." तो म्हणाला, "मॅडम, लालबागमध्ये दुसरीकडे जाऊन पण हाच वास." तो चिंचपोकळीच्या बाजूनं फिरवून घेऊन गेला. तू खिडकीला डोकं टेकलं होतंस. डोळे मिटून म्हणालीस, "मला हा वास किती आवडायचा, परब." 'आवडायचा' म्हणालीस. मी त्या क्रियापदाशी भांडत घरी आले.

हॉस्पिटलमध्येच, किमोच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर, कुसुमताई भेटल्या. परभणीकडच्या. नवरा भिंतीला टेकून झोपला होता, गालफडं आत गेलेली. त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि तुझ्यापुढे धरला. "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. हे दुधात द्यायचं का पाण्यात?"

निळा समुद्र. झळाळणारा मासा. आपण नाही म्हटल्यावर त्या कंपनीला हो म्हणणारं कुणीतरी मिळालंच होतं.

तुझ्या हाताला सुई टोचून वर पट्टी लावलेली होती. त्याच हातानं तू चष्मा घातलास आणि डब्यावरचं सगळं वाचलंस, अगदी मागचं बारीक अक्षरातलंसुद्धा. मग विचारलंस, "जेवायला काय देता यांना?"

"जेवायचं नावच नको म्हणत्यात. मंग हेच देते सकाळ-संध्याकाळ. सगळं ह्यात हाय म्हणून लिवलंय की."

मला तुझा चेहरा बघवेना. तू डबा मांडीवर ठेवलास. म्हणालीस, "ताई, मी हेच काम करते. हे जे लिहिलंय ना, ते आमच्या लॅबमध्ये, काचेच्या नळीत थोडंफार खरं होतं. माणसाच्या पोटात गेल्यावर काय होतं ते मला माहीत नाही. काही औषधांच्या कामात असल्या पावडरी अडथळा आणतात असंही काही डॉक्टर म्हणतात. म्हणून डबा घेऊन आत जा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि हे काही जेवण नव्हे. जेवण सोडू देऊ नका."

"एवढं शिकून तुम्हाला माहीत नाही?" कुसुमताईंनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात, त्या खरंच विचारत होत्या.

"नाही," तू म्हणालीस. "शिकलेय म्हणूनच सांगतेय, माहीत नाही."

त्यांनी तुझ्या मांडीवरचा डबा उचलला. मग उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा डबा पिशवीच्या तळाशी होता आणि त्या विचारत होत्या की त्यांच्यात माळ आहे, अंडं-मासळी चालत नाही, डब्यावरचा मासा त्या नुसतं चित्र समजल्या होत्या, तर मग काय द्यायचं. तू हॉस्पिटलच्या डाएटिशियन मुलीला बोलावून आणायला मला पिटाळलंस.

पुढच्या वेळी त्यांनी तुला लांबूनच हाक मारली. "ताई! मऊ भात खाल्ला काल. वरून ताक मागितलं!" आणि तू, जिला स्वतःला घोटभर पेज जात नव्हती, तू टाळी वाजवलीस. बाकावरचे सगळे वळून बघायला लागले.

त्यानंतर तो बाक तुझा झाला. माणसं येऊन बसायची. कुणाच्या हातात काढ्याची बाटली, कुणाच्या हातात मोबाइलवरचा व्हिडिओ. तू कुणाला हसली नाहीस. कुणाला औषध सांगितलं नाहीस. जे कळलंय ते एवढंच कळलंय आणि पुढचं डॉक्टरांना विचारा, असं सांगायचीस, आणि ती डाएटिशियन मुलगी तुझ्या शेजारी स्वतःची खुर्ची ओढून बसायला लागली. एकदा परत येताना तू म्हणालीस, "इतकी वर्षं मी प्रत्येक अर्जात लिहीत आले, सामान्य माणसाला उपयोग होईल. ती माणसं मला आत्ता भेटली गं. थोडी आधी भेटायला पाहिजे होती."

मग डॉक्टरांनी उपचार थांबवले. आता फक्त त्रास कमी करायचा, म्हणाले.

त्या दुपारी मी तुझ्या घरी आले ते पर्समध्ये दोन लहान बाटल्या घेऊन. एकीत माझ्या आमसुलाची पूड, दुसरीत तुझे पेप्टाइड. मावशी, म्हणजे तुझी आई, आत चहा टाकत होत्या. मी बाटल्या तुझ्या उशाशी ठेवल्या.

"हे काय?" तू विचारलंस.

"आता औषधं बंद आहेत. आता हे कशाच्या आड येणार नाही. घे."

"फूड ग्रेड तरी आहे का, परब?"

"सुजाता, प्लीज."

"कुणासाठी घेऊ?"

"तुझ्यासाठी."

"खोटं बोलतेस. तुझ्यासाठी."

"बरं, माझ्यासाठी घे!"

तू बाटल्या बाजूला सारल्यास. मग म्हणालीस, "मी कुसुमताईंना काय सांगितलं?"

"त्यांना कळणार आहे का?"

"मला कळेल ना."

आणि मी ओरडले. मरणाच्या दारात असलेल्या माणसावर मी ओरडले. "मग आपण इतकी वर्षं केलं काय? नुसते रंग उडवले?"

"हो," तू म्हणालीस. "रंग उडवले. नीट उडवले."

मावशी चहा घेऊन आल्या. मी बाटल्या परत पर्समध्ये टाकल्या. तुझ्याशी झालेलं ते शेवटचं धड संभाषण. त्यानंतर तू बहुतेक झोपेतच होतीस.

मला याचा पश्चात्ताप होत नाही, हे तुला सांगायचंय. मी परत तसंच करीन. तू बरोबर होतीस आणि तरीही मी परत तशाच बाटल्या आणीन. एक चमचा घेतला असतास तर काही झालं नसतं, बरं किंवा वाईट. पण मला काहीतरी करायला मिळालं असतं. तुझ्या खरेपणात तू मला एवढीही जागा ठेवली नाहीस. मी तुझ्यावर चिडलेय, सुजाता. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू?

तू सकाळी गेलीस. मिलिंदचा फोन आला आणि मी लालबागहून परळला चालत आले, कारण वाहनात बसून राहणं मला जमलं नसतं. घरात पांढऱ्या कपड्यातली माणसं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या. सगळे त्रिशरण-पंचशील म्हणायला लागले तेव्हा मला शब्द येत नव्हते, मी नुसते ओठ हलवत होते. मावशींनी माझा हात हातात घेतला आणि त्या जरा मोठ्यानं, सावकाश म्हणायला लागल्या, मला मागून म्हणता यावं म्हणून. पोटची पोर समोर निजलेली असताना, सुजाता. तुझा तो ताठपणा कुठून आला याचा मी कायम विचार करायचे. त्या दिवशी कळलं.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कुसुमताई आल्या होत्या. त्यांना कुणी कळवलं माहीत नाही, बहुतेक त्या डाएटिशियन मुलीनं. नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. त्याची तब्येत पुढे कशी राहील हे कुणीच सांगू शकत नाही. पण त्या दिवशी तो पंगतीत बसला आणि भात मागून घेऊन जेवला. कुसुमताई मावशींना म्हणाल्या, "ताईंनी आम्हाला खोटं सांगितलं नाही." बास, एवढंच. शोकसभेतल्या सगळ्या भाषणांपेक्षा मला ते वाक्य हवं होतं, आणि माझ्या भाषणात ते नव्हतं.

आज लॅबमधून निघाले ती दुपारी तडक मावशींकडे गेले. त्या एकट्याच होत्या. वांगं चिरत बसल्या होत्या, फोडी पाण्यात टाकत होत्या. मी समोर बसले. मग त्यांनी विचारलं, "विद्या, एक विचारू? सुजाता नेमकं काय शोधत होती गं? मी कधी विचारलंच नाही. मला वाटायचं, पोरांना मासे शिजवायला शिकवते."

मी हसले आणि मग मला हसू आवरेना, आणि मग रडू आवरेना. मावशी थांबल्या. मी डोळे पुसले.

"तुम्ही वांगं पाण्यात का टाकताय?" मी विचारलं.

"नाहीतर काळं पडतं."

"हवा लागली की काळं पडतं. आपल्या अंगातही आत असंच काहीतरी होत असतं, हळूहळू. दिसत नाही. ते होऊ नये म्हणून रोखून धरणारं काहीतरी अन्नात असतं. सुजाता ते शोधत होती. महागातल्या वस्तूंत नाही, आपल्या घरात जे शिजतं त्यात. सुक्या बोंबलात."

मावशींनी सुरी खाली ठेवली. हात पदराला पुसले. मिल बंद पडल्यावर शिलाई करून ज्या हातांनी तुला शिकवलं ते हात मांडीवर ठेवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"मग?" त्यांनी विचारलं. "सापडलं का तिला?"

सुजाता, खरं उत्तर तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. थोडंसं सापडलं, तेही नळीत. पोटात टिकतं का ते तपासायचंच राहिलं. माणसावर तर काहीच केलेलं नाही. यातल्या कशालाही सापडलं म्हणता येत नाही. हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मावशी डोळ्याची पापणीही न लववता माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हटलं. "सापडलं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि गॅस पेटवायला उठल्या.

मी तिथंच बसून राहिले. थोडा वेळ वाट पाहिली. कुणीच माझं बोलणं खोडून काढलं नाही.